माझं मत ‘तडीपार’ला!

एम. सी. स्टॅनचा सर्वात चांगला अल्बम कोणता, ‘तडीपार’ (२०२०) की ‘इन्सान’ (२०२२), यावरून आमच्या घरात सध्या दोन तट पडलेत. भाचरं जवळजवळ एकजात ‘इन्सान’कडे. माझ्या वयाची मंडळी तिसऱ्याच तटात, म्हणजे ‘असलं ऐकायचंच कशाला?’ राहिले मी एकटी, ‘तडीपार’वाली. पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या बाईने या भानगडीत पडू नये म्हणतात, पण निवृत्त मास्तरणीला वाद घातल्याशिवाय जेवण पचत नाही, त्याला काय करणार :)

आधी तिसऱ्या तटाचं बघू. त्यांचं म्हणणं, ही भाषा घाणेरडी आहे. आहेच. बायकांबद्दल बोलताना तर या मुलाची जीभ फारच सैल सुटते, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. दोन्ही अल्बम ऐकताना मला ते खटकलं. पण भाषा वस्तीतली आहे म्हणून ऐकायचीच नाही, हे मात्र मला मान्य नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली, आणि आपल्याला न कळलेल्या शब्दांची यादीच त्यांनी त्यात दिली. एवढा मोठा नाटककार म्हणतो, मला हे शब्द कळत नाहीत, सांगा! स्टॅनला मी ढसाळांच्या पंगतीला बसवत नाहीये, उगाच अंगावर येऊ नका. तेंडुलकरांसारखं निदान शब्दाचा अर्थ विचारावा, एवढंच म्हणणं आहे.

आता भाचरांकडे वळते.

‘तडीपार’ हा शब्द पनवेलात पेपर वाचणाऱ्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. अमक्याला ठाणे, मुंबई, रायगड जिल्ह्यांतून तडीपार केलं, ही बातमी वरचेवर असतेच. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात ५६ वं कलम आहे. कोर्टात गुन्हा शाबित व्हायची वाट न बघता पोलीस अधिकारी माणसाला त्याच्याच मुलखाबाहेर काढू शकतो, दोन वर्षांपर्यंत. ज्या शब्दाने आईबापांची मान खाली जाते, तोच शब्द १९९९ साली जन्मलेला पुण्याचा अल्ताफ शेख वयाच्या विशी-एकविशीत आपल्या अल्बमच्या कपाळावर लिहितो. आणि पोरगा कुठला, तर पुणे स्टेशनाजवळच्या ताडीवाला रोडचा. ताडीवाला, तडीपार.. योगायोग असेल, पण माझ्यासारखीला त्यात अनुप्रास दिसतोच!

पूर्ण अल्बमभर तो या नावाला जागला आहे. भाषा म्हणायला हिंदी, पण ती दिल्लीची नाही. मराठी, उर्दू आणि स्टेशनाजवळची बोली यांची ती खिचडी आहे. टीव्हीवर त्याचं ‘शेमडी’ गाजलं, तेव्हा लोकांना ते काहीतरी नवीन वाटलं. अहो, तो आपला शेंबडाच असणार, दुसरं कोण? ‘तडीपार’मध्ये अशी शब्दांची ये-जा सतत चालते आणि तो कुणासाठी थांबून अर्थ सांगत नाही.

‘इन्सान’ जास्त गोड आहे, हे मान्य. लहानपणी हा मुलगा कव्वाली गायचा म्हणे. ते गाणं इथे जास्त वर आलंय, चाली डोक्यात राहतात. पण नावच बघा. इन्सान कोण नाही? मी आहे, तुम्ही आहात, समोरच्या बिल्डिंगचा सेक्रेटरीसुद्धा आहे. भाचा म्हणतो, “आत्या, तेच तर! तो आता सगळ्यांचा झाला.” माझी तक्रार नेमकी तीच आहे. सगळ्यांचा व्हायला त्याला ताडीवाला रोड थोडा पुसावा लागला. अंधेरीच्या डिव्हाईनचंही २०१५ चं, नेझीबरोबरचं ‘मेरे गली में’ लोकांना का आठवतं? त्यात एक ठराविक गल्ली आहे म्हणूनच ना?

आणि ‘इन्सान’ जास्त गाजला, हा काय मुद्दा झाला? स्टॅन ‘बिग बॉस’चा सोळावा सीझन जिंकला फेब्रुवारी २०२३ मध्ये. त्यानंतर घराघरांत त्याची गाणी शोधली गेली आणि तेव्हा हाताशी ताजा अल्बम हाच होता. आमच्याकडची निम्मी मंडळी तेव्हाच्या भरतीची आहेत. उगाच जुने भक्त असल्याचा आव आणू नका.

मी जन्मभर मराठी शिकवलं. शाळेत प्रमाण भाषेचा आग्रह धरावाच लागतो, मी आजही धरेन. पण घरची भाषा दाराबाहेर ठेवून ये म्हटल्यावर काही मुलं स्वतःही दाराबाहेरच राहतात, हे मी पाहिलंय. हुशार मुलं होती ती. फळ्यासमोर उभं केलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही, आणि मधल्या सुट्टीत तीच सगळ्या वर्गाची नक्कल करून दाखवायची. ‘तडीपार’ ऐकताना मला ती मधली सुट्टी ऐकू येते. ‘इन्सान’मध्ये मुलगा फळ्यासमोर आलाय. बोलतोय चांगला, पण जरा सांभाळून.

असो. माझ्याशी भांडायचं असेल तर दोन्ही अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये काही न गाळता ऐकून या. एखादं सुटं गाणं लावून “हे ऐक ना आत्या” चालणार नाही.