‘नोकरी देणारे व्हा’ म्हणणाऱ्यांना आमचे काही प्रश्न

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत हल्ली उद्योजकता, तंत्रज्ञान आणि नेतृत्व यांचे महोत्सव भरतात. रंगीत फलक, गळ्यात ओळखपत्रे, व्यासपीठावर एखादा यशस्वी उद्योजक. त्याचा उपदेश ठरलेला: “नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा!” सभागृह टाळ्या वाजवते. मागच्या रांगेत आमचाही विद्यार्थी बसलेला असतो. त्याची शिष्यवृत्ती खात्यात आलेली नसते आणि मेसचे बिल थकलेले असते.

आमचा उद्योगाला विरोध आहे, असा अपप्रचार कुणी करू नये. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांचा सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके फिरकेनाशी झाली आणि धंदा बंद पडला. तिथे ज्ञान कमी पडले होते का? जिद्द कमी पडली होती का? बाजारात जात आडवी आली. नेमकी हीच गोष्ट या महोत्सवांत कुणी सांगत नाही. तिथे गरिबी ही ‘मानसिकता’ असते आणि अपयश हा ज्याचा त्याचा दोष!

भांडवल म्हणजे फक्त पैसा नव्हे. बापाचे दुकान, मामाची बँकेतली ओळख, तारण ठेवायला घर आणि दोन वर्षे कमाई न करता जगण्याची सोय, हेसुद्धा भांडवलच आहे. जमीन आणि बाजार पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती राहिले, त्यांना ते वारशाने मिळते. आमच्या पोरांच्या पहिल्या पगाराकडे घरातल्या पाच जणांचे डोळे लागलेले असतात. मग ‘जोखीम घ्या’ हा सल्ला दोघांना सारखाच कसा लागू पडेल?

१६ जानेवारी २०१६ रोजी दिल्लीत ‘स्टार्टअप इंडिया’चा मोठा सोहळा झाला. दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. विज्ञानावर लेखन करण्याचे स्वप्न पाहणाऱ्या या संशोधक विद्यार्थ्याला वसतिगृहातून बाहेर काढले होते. त्याची सात महिन्यांची, म्हणजे पावणेदोन लाखांची फेलोशिप थकलेली होती. नवकल्पनांचे गोडवे गाणाऱ्या देशाने एका तरुण संशोधकाला त्याच्या हक्काचे पैसेही वेळेवर दिले नाहीत.

आता नेतृत्वाबद्दल. महाराष्ट्रात १९९०च्या दशकात विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद झाली, तरी त्या वर्षानुवर्षे लांबणीवर पडत राहिल्या. मतपेटी काढून घ्यायची आणि नेतृत्वाच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र हातात द्यायचे, हा कुठला न्याय? आमच्यासाठी नेतृत्व म्हणजे महाडचे तळे. ते शिकवायला कोणी प्रायोजक लागला नव्हता.

आणि ‘नोकरी मागू नका’ हे सांगते कोण? ज्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या मंजूर जागा रिकाम्या आहेत आणि नेट-सेट झालेली आमची मुले तासिका तत्त्वावर राबत आहेत, तीच विद्यापीठे! जागाच भरली नाही, तर आरक्षण कागदावरच राहते. खासगी क्षेत्रात तर ते नाहीच. म्हणजे ही घोषणा निव्वळ प्रेरणा देत नाही. आमचा घटनात्मक हक्क सोडून द्या, असेही ती हळूच सुचवते.

मित्रांनो, या कार्यक्रमांवर बहिष्कार घालू नका. तंत्रज्ञान शिका, धंदा शिका, पुढच्या रांगेत बसा. पण प्रश्नोत्तरे सुरू झाली की उभे राहा आणि विचारा: या केंद्रातून निधी मिळालेल्यांत अनुसूचित जाती-जमातींचे, भटक्या-विमुक्तांचे विद्यार्थी किती? ती यादी जाहीर करणार का? रिक्त जागा कधी भरणार? शिष्यवृत्ती कधी मिळणार? निवडणुका कधी?

१९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना त्यांचे दोन शत्रू सांगितले होते: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आज ते दोघेही एकाच व्यासपीठावरून आपल्याला ‘स्वप्ने बघा’ म्हणतात. स्वप्ने आपण बघूच. पण हिशेब मागितल्याशिवाय नाही.

जय भीम!