बहादूरचा केशरी कुर्ता

कॉमिक्सचा नायक कोणी निर्माण केला, असं विचारलं की आपण लेखकाचं नाव सांगतो. वेताळ म्हटलं की ली फॉक, सुपरमॅन म्हटलं की जेरी सीगल. पण चाळीस वर्षांनंतर वाचकाच्या मनात कथा फारशी उरत नाही. उरतं ते नायकाचं रूप. तो उभा कसा राहायचा, घोड्यावर कसा बसायचा, अंगात काय घालायचा, हे आपल्याला डोळे मिटूनही दिसतं. हे रूप चित्रकाराच्या हातून येतं, आणि नेमकं त्याचंच नाव आपण विसरतो. आज मला अशाच एका चित्रकाराबद्दल आणि त्याने काढलेल्या एका कुर्त्याबद्दल लिहायचं आहे. त्या कुर्त्याचा रंग केशरी होता, म्हणून तर लिहिणं अधिकच गरजेचं वाटतं.

आधी वेताळाचं बघू. हा नायक १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत अवतरला, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही पुढे सगळ्या सुपरहिरोंची ओळख झाली. तिची सुरुवात इथून झाली. पहिला चित्रकार रे मूर. त्याचा वेताळ अंधारात वावरणारा, गूढ. नंतर विल्सन मॅकॉय आला. त्याची रेषा साधी, सपाट, थोडी खेळण्यातल्या बाहुल्यांसारखी. १९६१मध्ये साय बॅरीने सूत्रं घेतली आणि १९९४पर्यंत सोडली नाहीत. जंगलाचा दाट काळा रंग, कसलेलं शरीर, चौकटीत नेमका पडणारा प्रकाश ही सगळी बॅरीची देणगी. भारतात आपण ज्याला वेताळ म्हणून ओळखतो तो बहुतांशी बॅरीचा वेताळ आहे.

रंगाची गोष्ट त्याहून मजेदार आहे. फॉकच्या मनात करड्या रंगाचा पोशाख होता. १९३९मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा तो छापून आला जांभळा. स्वीडनमध्ये तोच वेताळ निळा झाला आणि इटलीत लाल. म्हणजे ज्या रंगाला आपण नायकाची ओळख मानतो, तो पुष्कळदा छापखान्यात ठरलेला असतो. अर्थ त्याला नंतर चिकटतात. हे लक्षात ठेवू या, पुढे लागणार आहे.

भारतात वेताळ घराघरांत पोहोचला तो इंद्रजाल कॉमिक्समुळे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४मध्ये मुंबईतून ही मालिका सुरू केली. ती १९९०पर्यंत चालली. इंग्रजी, हिंदी, मराठीसह अनेक भाषांत तिचे अंक निघत. मराठीत ‘वेताळ’ या नावाला स्वतःचं एक वजन होतं. कोकणात आरवलीच्या वेतोबाला आजही चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. तरीही आमच्या पिढीच्या पोरांना वेताळ म्हटलं की बॅरीचा मुखवटेवाला आठवायचा. चित्राची ताकद ती हीच.

या इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळातली बरीच मुखपृष्ठं रंगवली गोविंद ब्राह्मणिया यांनी. ‘बी. गोविंद’ या नावाने ते ओळखले जात. आतली चित्रं परदेशी, पण दुकानाच्या दोरीवर लटकलेल्या अंकाकडे बघून पोरगं थबकायचं ते या भारतीय हाताच्या मुखपृष्ठामुळे. ब्राह्मणिया माझे आवडते चित्रकार का, याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे बहादूर.

डिसेंबर १९७६मध्ये इंद्रजालने पहिला भारतीय नायक आणला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. पार्श्वभूमी चंबळच्या डाकूंची. १९७२मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमोर डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली होती आणि १९७५मध्ये ‘शोले’ आला होता, त्यामुळे हा विषय लोकांच्या जिभेवर होता. बहादूर हा डाकू भैरवसिंगचा मुलगा. बापाला मारणारा पोलीस अधिकारी विशाल हाच त्याला वाढवतो. सूड घ्यायला निघालेला पोरगा शेवटी गावाच्या बाजूने उभा राहतो आणि नागरिक सुरक्षा दल उभारतो. सोबत बेला असते, आणि ती नुसती सोबतीला नसते, लढते.

आता चित्रकारासमोरचा प्रश्न पाहा. भारतीय नायकाला घालायचं काय? मुखवटा आणि घट्ट पोशाख दिला तर तो वेताळाची नक्कल ठरणार. धोतर आणि मुकुट दिला तर पुराणातला. बंगालीत नारायण देबनाथ यांनी १९६५मध्ये ‘बांटुल’ला नुसत्या बनियन-चड्डीवर उभं करून हा प्रश्न विनोदाने सोडवला होता. पुढे ऐंशीच्या दशकात आलेल्या नागराजला अंगभर हिरवे खवले मिळाले. बहादूरला मिळाला कुर्ता आणि जीन्स.

माझ्या मते भारतीय कॉमिक्समधला हा सर्वांत हुशार पोशाख आहे. जीन्स तेव्हा गावोगावी मिळत नव्हती. ती शहराची, तरुणाईची खूण होती. कुर्ता मात्र गावातल्या कुणाच्याही खुंटीला सापडेल असा. दोन्ही एकत्र आले आणि शहराला व खेड्याला एकाच वेळी आपला वाटेल असा माणूस तयार झाला. मुखवटा नाही, कारण त्याला लपायचंच नाही. त्याचं बळ लोकांना संघटित करण्यात आहे, आणि ज्याला गाव बांधायचं आहे त्याचा चेहरा गावाला दिसायलाच हवा. वेताळासारखा पोशाख घरी शिवता येत नाही. बहादूरसारखा पोशाख कुठलाही पोरगा घालू शकतो.

आणि कुर्त्याचा रंग केशरी. यामागे काय विचार होता हे शोधायला लांब जायला नको, पान उघडून पाहिलं तरी पुरे. रंगचक्रात केशरी आणि निळा समोरासमोर बसतात. एकाशेजारी दुसरा ठेवला की दोन्ही उजळतात. स्वस्त कागदावर, चार रंगांच्या छपाईत, गर्दीच्या चौकटीत नायक झटकन सापडला पाहिजे. केशरी कुर्त्याखाली निळी जीन्स असली की तो सापडतोच.

आता मुद्द्यावर येतो. एका मुस्लिम लेखकाने आपल्या नायकाच्या अंगावर केशरी कुर्ता पाहिला आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ‘त्या वेळी रंगांना धर्म नव्हते’ असलं भाबडं विधान मी करणार नाही. शिवसेना १९६६पासून होती, मुंबईत भगवा झेंडा होताच. पण तो रंग कुणा एकाच्या नावावर चढलेला नव्हता. तिरंग्याच्या वरच्या पट्टीत तो होता, वारकऱ्याच्या पताकेत होता, राजपुतांच्या केसरियात होता आणि आबिद सुरतींच्या नायकाच्या अंगावरही होता.

आपल्यातले काही वाचक इथे वेगळाच प्रश्न विचारतील, आणि तो रास्त आहे. सुरतींनी मुस्लिम नायक का नाही उभा केला? कॉमिक्समधला मुसलमान आपण कसा पाहिला आहे? जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा, चौकड्यांची लुंगी. एक तर जीव देणारा इमानी दोस्त, नाहीतर दगाबाज. ऐतिहासिक चित्रकथांमध्ये तर शत्रूचा देह, भुवया आणि दाढी काढण्याची एक ठरलेली पद्धतच आहे. पोराला वाचता येण्याआधी वाईट कोण हे कळावं, अशी. चित्रकाराच्या हातात केवढी सत्ता असते याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. मुस्लिम नायक हवा होता आणि आजही हवा आहे.

पण त्यासाठी बहादूरला कमी लेखायचं कारण नाही. सगळ्यांचा नायक निर्माण करण्याचा हक्क आबिद सुरतींनी कुणाला न विचारता बजावला. मुस्लिम लेखकाने फक्त मुसलमानांबद्दल लिहावं, मुस्लिम चित्रकाराने ठरावीक रंगच हाताळावेत, ही अट आज दोन्ही बाजूंनी घातली जाते. बाहेरचे म्हणतात, आमच्या रंगाला हात लावू नका. आपल्यातले म्हणतात, त्यांच्या रंगाला हात का लावता? बहादूरचा कुर्ता या दोघांनाही उत्तर आहे.

हे सगळं मला दूरचं वाटत नाही. मी तारोडीत राहतो. भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस धरली की मुर्धे, राई, मोरवा करत, मिठागरं मागे टाकत आमच्याकडे येता येतं. उत्तनच्या किनाऱ्यावर होड्यांवर निशाणं लावलेली असतात. तांबडं, पिवळं, निळं, हिरवं, भगवं. समुद्रावरून दिसलं पाहिजे, एवढीच अट. याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, मीरा रोडच्या नयानगरात, जानेवारी २०२४मध्ये झेंडे लावलेल्या गाड्यांच्या फेरीवरून तणाव झाला, मारहाण झाली आणि त्यानंतर दुकानांवर बुलडोझर फिरला. त्या आठवड्यात लोक रस्त्यावर येणाऱ्या माणसाच्या कपड्याचा रंग आधी बघत होते आणि चेहरा नंतर.

आणि याच मीरा रोडमध्ये आबिद सुरतींनी २००७मध्ये ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केलं. दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेवक सोबत घेऊन ते इमारतींमध्ये दारोदार फिरत आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, ‘धर्मयुग’मधून ‘ढब्बूजी’ला घरोघरी पोहोचवणारा, १९९३चा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा माणूस. नळ गळतोय का, एवढाच त्याचा प्रश्न. दारावर स्वस्तिक आहे की ‘७८६’, हे नळाला विचारून उपयोग नसतो. बहादूरचं नागरिक सुरक्षा दल कागदावरून उतरून मीरा रोडच्या जिन्यांवर आलं ते असं.

सुपरमॅनचा चित्रकार जो शुस्टर आणि लेखक सीगल यांनी आपला नायक १९३८मध्ये अवघ्या १३० डॉलरला विकला. त्यांची नावं सुपरमॅनसोबत पुन्हा छापली जावीत यासाठी १९७५ साल उजाडावं लागलं, तेही लोकांनी आवाज उठवल्यावर. आपल्याकडे असा आवाज कुणी उठवलेला नाही. गोविंद ब्राह्मणिया आणि नंतर बहादूरची चित्रं काढणारे प्रमोद ब्राह्मणिया यांची नावं आज किती चित्रकला शिक्षकांना माहीत असतील?

माझी मागणी फार मोठी नाही. मीरा-भाईंदर महापालिकेने आपल्या एखाद्या सभागृहात बहादूरची पानं मोठी करून लावावीत, खाली लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव लिहावं. शाळांतल्या पोरांना तिथे न्यावं आणि सांगावं, की तुमच्या गावचा नायक काढा, त्याला हवा तो कपडा द्या, हवा तो रंग द्या. तारोडीचा एखादा क्रिस्तोफर, उत्तनची एखादी कोळ्याची पोर, नयानगरची एखादी सानिया कोणता रंग उचलेल, हे आपण आधीच ठरवून टाकू नये. रंगपेटीत बारा रंग असतात, आणि पेटी विकत घेताना दुकानदार कुणाचा धर्म विचारत नाही.