कुठली पिकअप चांगली? लोंढ्यात उत्तर कंपनीच्या नावावर संपत नाही

लोंढा | प्रतिनिधी

लोंढ्याच्या नाक्यावर चार पिकअपवाले जमले की पहिला विषय भाड्याचा, दुसरा रस्त्याचा आणि तिसरा गाडीचा. "तुझी किती देते?" हा प्रश्न ठरलेला. कुणी लिटरला चौदा सांगतो, कुणी बारा. मग महिंद्राच भारी, नाही टाटाच बरी, लेलँडची दोस्त शांत चालते, मारुती गावातल्या गावात ठीक, असा वाद चहा संपेपर्यंत चालतो. निकाल कधीच लागत नाही.

सध्या हा वाद जोरात आहे, त्याला कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. किमती उतरल्या आणि जुनी काढून नवी घ्यायचा विचार घरोघरी सुरू झाला. म्हणून लोंढा, नागरगाळी, खानापूर, रामनगर या पट्ट्यातल्या काही मालकांशी आम्ही बोललो. वीस-पंचवीस वर्षांत तीन-चार कंपन्यांच्या गाड्या वापरलेली ही माणसं. त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढं आली. भांडण होतं अ‍ॅव्हरेजवरून, पण पैसा जातो गाडी उभी राहिली की. आणि आपल्या भागात गाडी किती दिवस उभी राहील, हे कंपनीच्या नावापेक्षा दुरुस्ती किती लांब आहे यावर ठरतं.

टेम्पोपासून पिकअपपर्यंत

जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'टेम्पो' हाच शब्द आहे. तो मुळात एका कंपनीचा. बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स. त्यांची तीनचाकी आणि नंतरची मॅटाडोर इतकी चालली की कुठलीही छोटी मालगाडी टेम्पोच झाली. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा, ऑल्विन निस्सान अशा गाड्या आल्या. १९८६ मध्ये टाटांनी ४०७ आणली आणि ती या सगळ्यांना पुरून उरली. साधं इंजिन, जाड पाटे आणि गावोगावी मिळणारे पार्ट, हे तिचं बळ.

२००५ च्या मे महिन्यात टाटा एस आली. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर, पाऊण टनाची क्षमता. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटलं. दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असलेली कितीतरी पोरं या गाडीमुळं मालक झाली. तिच्याच घराण्यातली एस झिप पुढं आपल्या शेजारी धारवाडच्या कारखान्यात बनू लागली. २०११ मध्ये अशोक लेलँडनं निस्सानबरोबर दोस्त आणली, सव्वा टनाची. २०१६ मध्ये मारुतीची सुपर कॅरी, २०१९ मध्ये टाटांची इंट्रा. पण सव्वा-दीड टन माल आणि कच्चा रस्ता म्हटलं की आपल्याकडं बोलेरो पिकअपचंच नाव आधी निघतं. साडेतीन टनांच्या आतल्या मालगाड्यांत महिंद्रा आज देशात सगळ्यात पुढं आहे.

"मी तीन कंपन्या बदललो," खानापूरचे एक मालक सांगतात. "प्रत्येक गाडीनं पोट भरलंय. वाईट कुठलीच नव्हती. खरं कामाला बघून गाडी घ्यायला पाहिजे होती, ती शेजाऱ्याला बघून घेतलो."

घाट ठरवतो गाडी

आपल्या भागाचं काम वेगळं आहे. बेळगावची भाजी, दूध, फुलं गोव्याला उतरतात. येताना गाडी रिकामी, नाहीतर मासळी किंवा नारळ. म्हणजे भरलेली गाडी घाट उतरते आणि हलकी गाडी चढते. त्यामुळं अनमोडवाल्यांचा अनुभव असा की इथं इंजिनाइतकंच महत्त्व ब्रेकला. लायनर, ड्रम आणि टायरवर जो हात आखडतो, तो घाटात फसतो. मासळी वाहणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. मिठाचं पाणी हौद्याच्या फटीत साचतं, त्यात आपला चार महिन्यांचा पाऊस. इंजिन ठणठणीत आणि हौद्याचा पत्रा चाळणी, अशा गाड्या इथं दिसतात.

उलट खानापूर भागात वीट, कौलं, खडी वाहणाऱ्याचं गणित पाट्यांवर आणि मागच्या एक्सलवर. गावातल्या गावात गॅस सिलिंडर किंवा किराणा पोहोचवणाऱ्याला मोठी पिकअप परवडतच नाही. तिघांना एकच कंपनी चांगली कशी असेल?

रस्त्याचं तर बोलायलाच नको. खानापूर-लोंढा-अनमोड रस्त्याच्या रखडलेल्या कामानं किती शॉकअप आणि बुशिंग खाल्ले, याचा हिशेब कुठल्याच कार्यालयात नाही. तो मालकांच्या वह्यांत आहे. २०२५ च्या पावसाळ्यात अनमोड घाटात दूधसागर मंदिराजवळ रस्ता खचला आणि अवजड वाहनं बंद झाली. असं झालं की ट्रकचा माल छोट्या गाड्यांवर येतो. मिळकत वाढते, पण फेऱ्याही वाढतात आणि ओव्हरलोडचा मोहही.

२०२० नंतर मिस्त्रीचा हात थांबला

मालकांच्या अनुभवात खरी रेघ कंपन्यांमध्ये नाही. ती १ एप्रिल २०२० च्या आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांमध्ये आहे. त्या दिवसापासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आणलं गेलं आणि गाड्यांच्या धुरावर कडक मर्यादा आली. हवेसाठी ही चांगलीच गोष्ट. पण ती मर्यादा पाळायला गाडीत सेन्सर वाढले, आणि धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. त्यात साचलेली काजळी जळायला धूर पुरेसा तापावा लागतो, म्हणजे गाडी काही वेळ सलग आणि एका वेगात चालावी लागते. थांबत-थांबत, तासाला वीसच्या वेगानं खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीला ते जमत नाही. मग दिवा लागतो, गाडी दम धरत नाही.

जुन्या गाडीचा पंप-नोझल मिस्त्री रस्त्यावर खोलायचा. नव्या गाडीला आधी स्कॅनर लावावा लागतो. लोंढ्याहून बेळगाव साधारण ५० किलोमीटर. नागरगाळीच्या एका मालकाची गाडी एका सेन्सरसाठी आठ दिवस वर्कशॉपमध्ये उभी होती. "पार्ट स्वस्तच होता हो," ते म्हणतात, "खरं आठ दिवस हप्ता कोण भरणार? अजून भराय लागलोय." कंपनीचं नाव इथं देत नाही, कारण अशीच गोष्ट दुसऱ्या कंपनीच्या मालकांकडूनही ऐकली.

कागदावरचा हिशेब

आता पेन घेऊन बसू. समजा, ८ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, चार वर्षं. हप्ता येतो महिन्याला सुमारे २०,७०० रुपये. महिन्यात २५ दिवस गाडी चालते असं धरलं, तर प्रत्येक चालत्या दिवसावर ८२७ रुपये फक्त हप्त्याचे. विमा, ड्रायव्हर, टायर वेगळे.

आता अ‍ॅव्हरेज. महिन्याला ३,००० किलोमीटर. एक गाडी लिटरला १३ देते, दुसरी १४. फरक महिन्याला साडेसोळा लिटरचा. ९० रुपये दर धरला तर सुमारे १,५०० रुपये.

म्हणजे ज्या एका किलोमीटरवरून नाक्यावर तासभर भांडण होतं, त्याची महिन्याची किंमत दोन दिवस गाडी उभी राहण्याच्या हप्त्याएवढीसुद्धा नाही. आठ दिवस उभी राहिली की नुसता हप्ताच ६,६०० रुपयांचा. भाडं बुडालं ते वेगळं, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवाल्याकडं गेलं ते आणखी वेगळं. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न "किती देते?" हा नाही. "बिघडली तर किती दिवसांत मिळेल आणि कुठं?" हा आहे.

तीन राज्यं, एक गाडी

सीमाभागातल्या मालकाला आणखी एक भार आहे. घर कर्नाटकात, धंदा गोव्यात, पाहुणे कोल्हापूर-चंदगडला. जुनी गाडी स्वस्तात कुठं मिळाली तर ती बहुधा एमएच-०९, एमएच-०७ किंवा गोव्याच्या नंबरची. पै-पाहुण्यांच्या शब्दावर व्यवहार होतो आणि कागद मागं राहतात.

कायदा असा : दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचा फॉर्म ३५. नावावर करायला २९ आणि ३०. हे सगळं हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, पाहुणा कितीही जवळचा असला तरी. इथला टॅक्स नव्यानं भरावा लागतो. तो धरला की 'स्वस्त' गाडी बऱ्याचदा स्वस्त राहत नाही.

वजनाचंही बघा. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालगाडीला परमिटची गरज नाही. टोलवर छोटा हत्तीसारख्या मिनी गाडीला कारचा दर लागतो, त्याहून मोठीला एलसीव्हीचा. गणेबैल नाक्यावरून रोज जाणाऱ्याला हा फरक वर्षाकाठी जाणवतो. ओव्हरलोड सापडलं तर दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. वॉरंटीचा क्लेम नाकारायलाही ओव्हरलोड हे कारण पुढं केलं जातं.

एक दिलासा : साडेसात टनांपर्यंतची मालगाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केलं. तेवढ्या एका कारणावरून विमा कंपनीला क्लेम नाकारता येत नाही.

तक्रार कुठं करायची?

"गाडी गोव्यात घेतलो, आता तिकडं कोर्टात कोण जाणार?" रामनगरच्या एका मालकाचा हा प्रश्न. उत्तर बऱ्याच जणांना माहीत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची मुभा दिली आहे. म्हणजे गाडी पणजीत घेतली असो की कोल्हापुरात, लोंढ्याचा माणूस बेळगावात तक्रार करू शकतो आणि रामनगरचा कारवारला.

'पिकअप म्हणजे धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही' असं कुणी सांगितलं तर गप्प बसू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू कायद्यानं 'व्यापारी कारणा'तून वगळली आहे. एक गाडी, स्वतः चालवणारा मालक, हा ग्राहकच. चार गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असतील तर मात्र वाद होऊ शकतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, त्यापुढं १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षं. पण हातात कागद पाहिजे. दर वेळी जॉबकार्डवर तक्रार लिहून घ्या, गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख घ्या. तोंडी "दोन दिवसांत देतो" याला आयोगात किंमत नाही.

घेण्याआधी

जुन्या मालकांच्या बोलण्यातून निघालेल्या चार गोष्टी देतो :

* आपल्या फेरीच्या रस्त्यावर त्या कंपनीचं वर्कशॉप किती आहेत ते मोजा. बेळगावात एक आणि फोंड्यात एक असेल, तर मधल्या घाटात बिघडल्यावर गाडी कोण ओढणार, हे आधीच विचारा.
* आपल्या मिस्त्रीला विचारल्याशिवाय मॉडेल ठरवू नका. त्याच्याकडं त्या गाडीचा स्कॅनर आहे का, बाहेर पार्ट मिळतो का, हे त्यालाच ठाऊक.
* सीएनजी स्वस्त पडतं म्हणून उडी मारू नका. पंप कुठं आहे, तिथं रांग किती, आणि टाकीमुळं माल किती कमी बसतो, ते बघा.
* कर्जाचे आणि वॉरंटीचे कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतात. घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या, मगच सही करा.

नाक्यावरचा वाद काही थांबणार नाही आणि थांबूही नये. चहाला तेवढीच चव. पण पुढच्या वेळी कुणी "माझी चौदा देते" म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा, गेल्या वर्षात ती किती दिवस उभी होती? त्या आकड्यावरून कळेल, गाडी मालकाला पोसते की मालक गाडीला.