जंताचे औषध आधी कुत्र्याला

गुजरात वनखात्याच्या २०२३ च्या गणनेत राज्यात २२२ लांडगे भरले. भावनगरात सर्वाधिक, ८०. सुरतेकडच्या बाजूला नर्मदा जिल्ह्यात ३९. सुरत शहरातल्या लिंबायत-उधन्यात रात्री एक फेरी मारली तर याहून जास्त कुत्री अंगावर येतील. तरीही जंतांचा विषय निघाला की बदनाम होतो तो लांडगाच.

जंत त्याच्या पोटात असतात, हे खरे. एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमी जेमतेम २ ते ७ मिलिमीटरचा. लांडगा, कोल्हा, कुत्रा यांच्या आतड्यात तो हजारोंनी राहतो आणि त्यांना फारसा त्रासही देत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढी चरताना ती गिळते आणि तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ धरते. ते काळीज पुन्हा कुत्र्याने खाल्ले की फेरा पूर्ण. त्याचाच भाऊबंद टीनिया मल्टिसेप्स मेंढीच्या मेंदूत गाठ करतो. मग ती कळप सोडून एकाच जागी गरगर फिरत राहते.

अमेरिकेतल्या आयडाहो आणि मोंटाना राज्यांत २००६ ते २००८ दरम्यान १२३ लांडगे तपासले, तेव्हा सुमारे ६२ टक्क्यांत एकिनोकॉकस निघाला. लांडगे हटवा म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले.

पण आइसलँडचे काय? तिथे लांडगा औषधालाही नाही. तरी एकोणिसाव्या शतकात माणसालाही होणाऱ्या या एकिनोकॉकसच्या गाठींनी तिथले लोक हैराण होते. १८६३ मध्ये हाराल्ड क्राब्बे या डॅनिश संशोधकाने तिथली १०० कुत्री चिरून पाहिली. २८ मध्ये कृमी सापडला. पुढच्या वर्षी माहितीपुस्तिका घरोघर गेली. १८९० च्या कायद्याने कुत्र्यांना दरवर्षी जंताचे औषध आणि गाठीचे अवयव जाळणे-पुरणे सक्तीचे केले. त्यानंतर जन्मलेल्या पिढीत हा रोग जवळजवळ उरला नाही.

सुरतेने, आणि पलीकडे धुळे-नंदुरबारनेही, यातून घ्यायचे ते अगदी साधे आहे. गाठ आलेले काळीज किंवा फोपसा गिऱ्हाईक घेत नाही. मग तो तुकडा दुकानासमोर टपलेल्या कुत्र्यापुढे पडतो. बरे, माणसाला ही गाठ मटण खाऊन होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेने बाटलेली भाजी, पाणी, न धुतलेले हात यांतून ती होते, त्यामुळे पक्का शाकाहारीही सुटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरणाबरोबर जंतनिर्मूलनही सांगितले, हे चांगलेच झाले. मात्र एकदा औषध देऊन भागत नाही. कुत्र्याने पुन्हा गाठीचे काळीज खाल्ले की सहा-सात आठवड्यांत नवे कृमी अंडी टाकू लागतात. म्हणून महापालिकेने खर्च करायचाच तर आधी खाटकांच्या दुकानांवर करावा: झाकणाचा डबा, रोजची उचल, आणि उघड्यावर टाकणाऱ्याला दंड.

लांडग्यालाही याचा फायदाच. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. दोघे इतके जवळ आले असतील तर कुत्र्याचे आजार लांडग्याच्या कळपात शिरायला कितीसा वेळ लागणार?