‘हो, दिली’ – पण काय दिली?

मागच्या महिन्यात आमच्या घरी दोन शब्दांच्या एका उत्तरानं भलताच घोळ घातला. वन्सं माहेरपणाला आल्या होत्या. जाऊबाई ऑफिसात, मी शाळेत, मामंजी बाहेर गेलेले. मधल्या सुट्टीत मी मोबाइलवरच्या घरच्या ग्रुपवर विचारलं, “वन्सं, आईंची ब्लडप्रेशरची गोळी दिली का?” पाठोपाठ जाऊबाईंनी विचारलं, “माझी साडी इस्त्रीला दिली का?” खाली वन्संचं उत्तर आलं, “हो, दिली.”

आता गोळीही ‘दिली’ आणि साडीही ‘दिली’! पैसे असते तर ‘दिले’ झालं असतं आणि उलगडा झाला असता. मी निर्धास्तपणे तासावर गेले. वन्संनी उत्तर दिलं होतं साडीचं; माझा प्रश्न त्यांनी पाहिलाच नव्हता. संध्याकाळी सासूबाईंचं डोकं जड झालं. डॉक्टरांनी पाहिलं तर प्रेशर वाढलेलं. “सकाळची गोळी घेतली का?” त्यांनी विचारलं आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. गोळी डबीत तशीच! थोडक्यात निभावलं. राहिलेली भरून काढायला एकदम दोन गोळ्या द्यायच्या नाहीत, आधी विचारायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

दोष मोबाइलचा नाही, आमचाच. पण रात्री जेवताना त्यावर चर्चा रंगली. हे म्हणाले, “निरोप जसे आले तसे एकाखाली एक दिसतात तेच बरं. आपण कुठवर वाचलं ते कळतं.” माझं म्हणणं, ज्या प्रश्नाचं उत्तर त्याच प्रश्नाला जोडलेलं हवं. मामंजी पूर्वी एका पेढीवर दिवाणजी होते. ते म्हणाले, “अगं, ही तर कीर्द आणि खतावणी. कीर्दीत दिवसभराचं घडेल तसं ओळीनं लिहायचं, खतावणीत ज्याचं त्याच्या खात्यावर. दोन्ही लागतात.” मला ते अगदी पटलं. गप्पांना कीर्द चालते, कामाला खतावणीच हवी. तेव्हापासून आम्ही काही नियम केलेत.

१. व्हॉट्सअॅपवर ज्या निरोपाला उत्तर द्यायचं, त्यावर बोट ठेवून उजवीकडे सरकवायचं. मूळ प्रश्न उत्तराच्या डोक्यावर येतो. त्यावर बोट टेकलं की जुना प्रश्नही सापडतो.

२. नुसतं ‘हो’ किंवा अंगठा नको. ‘गोळी दिली, नऊ वाजता’ असं पूर्ण लिहायचं.

३. एका निरोपात एकच प्रश्न. तीन विचारले की उत्तर एकाचंच येतं, हा शाळेतलाही अनुभव!

४. हळदीकुंकवाची किंवा सहलीची तारीख ठरवायची असेल तर मतदानाची सोय वापरावी. म्हणजे ‘मला चालेल’ची रांग लागत नाही आणि कुणाला कोणता दिवस सोयीचा, ते एके ठिकाणी दिसतं.

५. डॉक्टरांची वेळ, गाडीची वेळ असे निरोप वर टाचून ठेवता येतात. 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस. काम झालं की काढून टाकावेत, नाहीतर तिथेही अडगळ होते.

६. सगळ्यांत महत्त्वाचं, औषधाचा हिशेब ग्रुपवर ठेवूच नये. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गोळी दिली की त्याच क्षणी, देणारीनं खूण करायची. बाहेर असाल तर सरळ फोन करून विचारा.

आमच्या कॅलेंडरला आता दोऱ्यानं पेन्सिल बांधली आहे. सासूबाई स्वतःच चष्मा लावून खूण करतात आणि एखादे दिवशी आम्हाला उशीर झाला तर हाक मारतात, “अगं, आजचा चौकोन कोराच आहे!”