कचऱ्याचा गुण आणि क्षेपणभूमीचा दोष

२०१६ च्या जानेवारीअखेर मुंबईतील देवनारची क्षेपणभूमी पेटली. धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रांतही उमटले आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये तेथे पुन्हा आग लागली. त्या वेळी चर्चा झाली ती आग कोणी लावली याची. ती इतकी भडकावी असे त्या डोंगरात होते तरी काय, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र बाजूस राहिला.

क्षेपणभूमी म्हणजे निर्जीव ढिगारा, ही समजूतच मुळात चुकीची आहे. तिच्या पोटात पडते त्याप्रमाणे ती वागते. भारतीय शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग भाजीपाला, उष्टे-खरकटे आणि पालापाचोळा यांचा असतो. हा ओला भाग थराखाली गाडला गेला, हवा तुटली, की तो कुजून मिथेन व कार्बन डायऑक्साइड हे वायू निर्माण करतो. मिथेन ज्वालाग्राही आहे. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने पृथ्वी तापवण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक आहे. त्याच ढिगात प्लास्टिक, रबर, चिंध्या असल्या की वायूला इंधनाची जोड मिळते. मग वरून पाणी मारले तरी आग आत धुमसत राहते.

पाण्याचीही तीच कथा. प्लास्टिकच्या थरांनी निचरा अडतो, पावसाचे पाणी आत साचते आणि ओल्या कचऱ्याच्या अर्काशी मिसळून काळे, विषारी होऊन झिरपते. साचलेल्या पाण्याने उताराचा आधार सुटतो. फिलिपिन्समधील पायातास येथे जुलै २००० मध्ये पावसाने भिजलेला कचऱ्याचा डोंगर वस्तीवर कोसळून दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. दिल्लीत गाझीपूर येथे सप्टेंबर २०१७ मध्ये कचऱ्याचा कडा ढासळून दोघांचा बळी गेला.

यावर वायू गोळा करणाऱ्या नळ्या आणि तळाला अस्तर हे उपाय सुचवले जातात. ते आवश्यक आहेत, परंतु पुरेसे नाहीत. उष्ण हवेत अन्नाचा कचरा इतक्या लवकर कुजतो की नळ्या बसून ढीग झाकला जाण्यापूर्वीच बराचसा वायू हवेत निघून जातो. युरोपीय संघाने हे ओळखले. १९९९ च्या निर्देशाने त्याने सभासद राष्ट्रांवर कुजणारा कचरा क्षेपणभूमीत जाण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने घटवण्याचे बंधन घातले. जर्मनीने तर २००५ पासून प्रक्रिया न केलेला घरगुती कचरा पुरण्यासच मनाई केली.

भारतातही २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घातक कचरा घरीच वेगळा करणे बंधनकारक ठरवले. पण नागरिकाने वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत ओतला जाताना दिसला, तर दुसऱ्या दिवशी तो वेगळा करण्याचे कष्ट त्याने का घ्यावेत? वाहतुकीचा मोबदला केवळ वजनावर मिळत असेल, तर पाण्याने जड झालेला ओला कचरा वगळण्यात ठेकेदाराला कोणता रस असणार? मिश्र कचऱ्याचे खापर एकट्या गृहिणीच्या माथी फोडणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना १९९३ पासून उभी आहे आणि तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करते. कचऱ्याचे गुणधर्म दारातच ओळखणारे हे जाणते हात होत. त्यांना डावलून केवळ यंत्रांवर विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

आता जुने डोंगर खणून काढण्याचा उपक्रम ठिकठिकाणी चालू आहे. तेथेही हाच अनुभव येतो: मातीने आणि घाणीने माखलेल्या प्लास्टिकला गिऱ्हाईक मिळणे कठीण. वर्षानुवर्षे जे एकत्र टाकले, ते निवडण्याची किंमत शेवटी करदात्यालाच मोजावी लागते, आणि धूर मात्र डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या गरिबांच्या वाट्याला येतो. महापालिकांनी क्षेपणभूमीसाठी नवी जागा शोधण्यापूर्वी तेथे काय जाणार, हे ठरवले पाहिजे. अन्यथा जागा बदलेल, देवनार बदलणार नाही.