अंगठा दाखवला, पण पैसे कुठे अडकले?

मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं, सरळ नाही म्हणणं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच अंगठ्याचा अर्थ उलटा होतो: हो, मंजूर. गेल्या वर्षी कवठे महांकाळमधल्या एका छोट्या अभ्यासिकेसाठी मी पुण्यातल्या आमच्या दोस्तांच्या ग्रुपवर मदतीचा निरोप टाकला. अडतीस अंगठे आले. पंधरा दिवसांनी खजिनदार चाचांना फोन केला तेव्हा कळलं, की पैसे अकरा जणांचेच पोहोचलेत. अंगठ्याचे दोन्ही अर्थ खरे ठरले म्हणायचे.

अभ्यासिका म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, काही टेबलं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि एक इन्व्हर्टर. घरात सहा माणसं आणि एकच खोली असलेली पोरं-पोरी तिथे बसतात. रात्री नऊपर्यंत उघडी ठेवायची तर एक बाई देखरेखीला लागतात, नाहीतर मुलींच्या घरचे पाठवत नाहीत. त्या बाईंचा पगार थकला की अभ्यासिका सहाला बंद होते, आणि सहाला बंद झाली की दिवसा काम करणाऱ्या मुलींसाठी ती नसल्यासारखीच. सत्तावीस जणांचे न आलेले पैसे म्हणजे ते तीन तास होते.

आधी मला राग आला. ‘आपल्या कौमला फक्त बोलता येतं’ हे वाक्य ओठांवर आलंच होतं. पण माझा धंदा सॉफ्टवेअरचा. वापरणारा अडकला की आधी स्क्रीन तपासायची, माणसाला नावं ठेवायची नाहीत, हे तिथे पहिल्या वर्षी शिकवतात. मग मी माझाच निरोप पुन्हा उघडून पाहिला. त्यात पासबुकच्या पहिल्या पानाचा तिरका फोटो होता. खाते क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे शिक्क्याखाली गेलेले. आयएफएससी कोडमध्ये शून्य कोणतं आणि इंग्रजी ‘ओ’ कोणता हे कळायला मार्ग नाही (पाचवं अक्षर नेहमी शून्यच असतं, पण हे कितीजणांना माहीत असतं?). एवढं करून नवं नाव खात्याला जोडायचं, पैसे पाठवायचे, त्याचा स्क्रीनशॉट चाचांना पाठवायचा, आणि चाचा पावती फाडणार ती कवठे महांकाळला. देणारा हिंजवडीत.

खाली एक मोबाइल नंबरही दिला होता. त्यावर यूपीआय केलं की चाचांच्या भाच्याचं नाव दिसायचं. एका मित्राने तिथेच हात आखडला. त्याने बरोबरच केलं.

मग मी त्या सत्तावीस जणांना एकेक करून विचारलं, वसुलीसाठी नाही, नुसतं काय अडलं म्हणून. ‘रात्री करू म्हटलं, राहून गेलं.’ ‘नाव दुसरंच आलं.’ ‘यात जकात चालते का ते कळलं नाही.’ एकाने सांगितलं, सध्या हात तंग आहे. ठीक आहे. द्यायचंच नव्हतं असं म्हणणारा एकही निघाला नाही. तोंडावर कोण म्हणेल, हे खरं. तरीही उत्तरांचा सूर विचार करायला लावणारा होता.

आपला समाज देत नाही, हे मुळातच खोटं आहे. जुम्म्याला सफांमधून चादर फिरते आणि भरते. रमजानमध्ये लांबच्या मदरशांचे सफीर पावती पुस्तकं घेऊन गल्लोगल्ली येतात, रिकाम्या हाताने परतत नाहीत. ईदच्या आधी फितरा निघतो. बकरी ईदला कातडी जमा होतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगली बुडाली, तेव्हा आमच्या कोरड्या तालुक्यातून, आमच्याच गल्लीतून, कापडात बांधून भाकऱ्या गेल्या. कुणी आवाहनाचं पोस्टर केलं नव्हतं. मशिदीला देणं सोपं का, हे एकदा नीट पाहा. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, रक्कम कुणी विचारत नाही, दहाची नोट चालते, फॉर्म नाही. आणि देताना माणूस आधीच द्यायच्या मनःस्थितीत तिथे बसलेला असतो. अभ्यासिका, शिष्यवृत्ती, मुलींचं वसतिगृह, कायदेशीर मदत या कामांना असा जुम्मा नाही. तो आपल्यालाच घडवावा लागेल.

हे आपल्या भागाला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तेव्हा आजचा सांगली जिल्हा झालेलाच नव्हता. आपल्यातला बराचसा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडायचा. वसतिगृहात सगळ्या जातीधर्मांची पोरं एकत्र ठेवायची आणि पोसायची, तर धान्य कुठून आणायचं? लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली. पण दागिने एकदाच मोडता येतात. रोजच्या भाकरीसाठी भाऊरावांनी मुष्टिफंड उभारला: घराघरांत दळताना-रांधताना मूठभर धान्य बाजूला ठेवायचं आणि ते गोळा होऊन वसतिगृहाकडे जायचं.

इंजिनिअरच्या नजरेने या मुठीकडे पाहिलं की थक्क व्हायला होतं. ज्या घरात नाणं नाही त्या घराकडे नाणं मागितलं नाही. जे होतं ते मागितलं. वेगळी वेळ काढायला लावली नाही. चूल पेटायच्या वेळीच हात धान्यात असतो. आणि मुख्य म्हणजे ज्या बाईच्या हातात घराचे पैसे नव्हते तिच्या हातात मूठ होती, म्हणून दात्री तीच झाली. पैसा फंडाचीही तीच जात. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागितला आणि त्या पैशांतून तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशाला नाही म्हणणं अवघड असतं.

आपल्याकडे १९१९ पेक्षा जास्त साधनं आहेत. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आज कवठे महांकाळच्या भाजीवालीकडेही क्यूआर आहे. मग आपल्या संस्थांकडे का नाही? आमच्या अभ्यासिकेपुरतं उत्तर लाजिरवाणं होतं. संस्थेच्या नावाचं खातं होतं, पण त्यावर सह्या करणाऱ्या तिघांपैकी एक जण इंतकाल पावलेले, एक मुंबईला स्थायिक. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो आमच्याच मंडळींनी दिला नव्हता. कागदावर जुनी माणसं, म्हणून बँक नव्यांच्या सह्या घेईना, म्हणून खातं थंड, म्हणून भाच्याचा नंबर. देणाऱ्याला दिसलेलं ते परकं नाव कैक वर्षांच्या आळसाचं शेवटचं टोक होतं. मित्रहो, तुम्ही कुठल्याही संस्थेत असाल तर वेबसाइट, लोगो, व्हिडिओ यांच्या आधी ही फाइल उघडा. बदल अर्ज मार्गी लावणं, ठराव करणं, खातं चालू करणं यातच आमचे सात महिने गेले. क्यूआर छापायला वीस मिनिटं लागली.

दुसरा अडथळा आपला खास आहे, आणि त्याबद्दल कुणी मोकळं बोलत नाही. जकात कुणाला द्यायची याचे आठ वर्ग सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. अभ्यासिकेचं भाडं किंवा देखरेखीच्या बाईंचा पगार त्यात बसतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. देणारा हा प्रश्न मनात घेऊन थांबतो, आणि संस्था गप्प बसते कारण पैसे हातचे जातील. आम्ही कागदावर तीन ओळी वेगळ्या केल्या: जकात, जी फक्त गरजू विद्यार्थ्याच्या हातात फी-पुस्तकांसाठी जाते, सदका आणि साधी देणगी, ज्यातून भाडं-पगार चालतो, आणि बँकेचं व्याज. हो, व्याज. आपल्यातले कित्येक जण बचत खात्यावरचं व्याज स्वतः वापरत नाहीत, सवाबाची अपेक्षा न ठेवता कुठेतरी देऊन टाकू पाहतात, आणि कुठे ते विचारायची लाज वाटते म्हणून ते खात्यातच पडून राहतं. ते घ्यावं का यावर आमच्या बैठकीत वाद झाला. शेवटी संडास-मोरीच्या दुरुस्तीसाठी ते वेगळं घ्यायचं ठरलं. संस्थेने फतवे देऊ नयेत. हिशेब वेगळे ठेवावेत आणि निर्णय देणाऱ्यावर सोडावा.

करसवलतीबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. ८०जी नाही म्हणून देणगी अडली, असं संस्थावाले म्हणतात. पण नव्या कररचनेत नोकरदाराला ८०जीची वजावट मिळतच नाही, आणि आपल्यातले पुष्कळसे आयटीवाले तिकडेच गेलेत. जुन्या रचनेतही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. प्रमाणपत्र द्यायचं तर देणाऱ्याचा पॅन किंवा तत्सम ओळख हवी आणि संस्थेने ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे यादी भरायला हवी. त्याशिवाय, संस्था एखाद्याच धर्मसमुदायासाठी आहे असं तिच्या घटनेतच लिहिलेलं असेल तर ८०जी मिळणं अडतं. आमच्या अभ्यासिकेत पहिल्यापासून धनगर, मराठा, बौद्ध घरांतली पोरं येतात, पण कागदावर ‘मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी’ होतं. कागद प्रत्यक्षापेक्षा मागे होता. तोही दुरुस्त करतोय.

आखातातल्या भावांचा प्रश्न दर रमजानला येतो. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईतल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो, ती परकीय देणगी धरली जात नाही. पासपोर्ट परदेशी झाला की एफसीआरए नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, तो सख्खा भाऊ असला तरी. सोपं करण्याच्या नादात इथे घसरलं तर संस्थाच जाते.

सोपं आणि फसवं यांच्यात एक बारीक रेष आहे, आणि ती आमच्या धंद्यातल्या लोकांनीच जास्त ओलांडली आहे. तिकीट काढताना देणगीचे दोन रुपये गुपचूप जोडलेले असतात, तसं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा फसव्या रचनांवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. संमतीशिवाय खरेदीत देणगी घुसवणं त्यात नावानिशी आहे. दरमहा आपोआप पैसे जाण्याची सोय, यूपीआय ऑटोपे, आम्हीही सुरू केली. पण खूण आधीच करून ठेवलेली नाही, आणि ते बंद कसं करायचं हे सुरू करण्याच्या सूचनेच्या शेजारीच लिहिलंय. पैसे कापण्याआधी २४ तास सूचना जातेच. एका मित्राला भीती होती, की बंद करण्याची वाट दाखवली तर सगळे पळतील. तिघे गेले, त्यांतला एक नोकरी लागल्यावर परत आला.

ग्रुपवर देणाऱ्यांची यादी टाकणं मात्र आम्ही थांबवलं. नावं पाहून जोर येतो हे खरं. पण ज्याला शंभरच परवडतात तो पाच हजारांखाली आपलं नाव पाहून पुढच्या वेळी गप्प बसतो. शिवाय उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही शिकवण आपणच एकमेकांना सांगतो. हिशेबासाठी नाव खजिनदाराच्या वहीत हवंच. निनावी देणगी मर्यादेबाहेर गेली तर संस्थेला त्यावर कर बसतो. वहीत हवं, भिंतीवर नको.

तारखेचा धडा फार साधा आणि तरी आम्ही चुकलो. ऑटोपे एक तारखेला लावलं. निम्म्यांचे पगार पाच-सातला होतात, त्यामुळे पहिल्याच महिन्यात बरेच व्यवहार परत आले. आता दहा तारीख. आणि पगारदार सोडले तर आमच्या तालुक्यात महिना हे मापच नाही. द्राक्षाचा, बेदाण्याचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही कर्ज आणि औषधवाल्यांची उधारी फेडून उरला तर. त्या शेतकऱ्याला दरमहा शंभर मागणं म्हणजे त्याचा अपमान. बेदाणा विकला गेल्यावर एकदा विचारावं. शिवणकाम करणाऱ्या बायकांनी तर स्वतःच वाट काढली: भिशी उघडली की त्यातले पन्नास रुपये आधी अभ्यासिकेचे. ही मूठच नाही का?

एक गोष्ट मात्र मोडली. क्यूआर आल्यावर चाचांचं घरोघरी फिरणं बंद झालं, आणि मला वाटलं चला, म्हाताऱ्या माणसाची दमछाक वाचली. दोन महिन्यांनी एका आजींनी मला रस्त्यात गाठलं. दर महिन्याला वीस रुपये देणाऱ्या त्या. म्हणाल्या, ‘अरे, तुमचा चाचा यायचा बंद झाला, माझे पैसे डब्यात तसेच पडलेत. मला काय ते चौकोन दाखवतोस?’ मी ज्याला अडथळा समजून काढून टाकलं, तोच त्यांचा रस्ता होता. चाचा येणार, ओट्यावर बसणार, चहा घेणार, कुणाची पोरगी कोणत्या परीक्षेला बसली ते सांगणार.

चाचांना विचारलं तर तेही कंटाळले होते, घरात बसून. आता ते बाजाराच्या दिवशी पुन्हा निघतात, अकरा घरं. पावती पुस्तक जुनंच आहे, फक्त शिक्क्यावर संस्थेचं नाव नीट वाचता येतं. मागच्या फेरीत आजींनी डबा उपडा केला तेव्हा आठ महिन्यांचे एकशे साठ रुपये निघाले, सगळी नाणी.